इंदूरचा राजवाडा: ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्याला किती उपयोगाचा?

होळकरांवर कादंबरी लिहायला घेतलेला माणूस पहिल्यांदा इंदूरच्या राजवाड्यावर जातो, आणि तसं करणं योग्यच आहे. मात्र तिथून तो वहीत काय भरून आणतो, यावर पुढच्या तीनशे पानांचा खरेपणा अवलंबून असतो. हे परीक्षण अशा लिहिणाऱ्यांसाठी आहे. सराफ्यात खायला निघालेल्या आणि जाता जाता वाडा पाहणाऱ्या पाहुण्यांना यातलं फारसं काही लागणार नाही.

निकाल आधीच सांगायला हवा. जागेचा अंदाज घ्यायला, माणसं त्या जागेत कशी वावरली असतील हे समजून घ्यायला राजवाडा फार मोलाचा. काळाचा पुरावा म्हणून तो जपून वापरायचा. आणि अहिल्याबाईंच्या राज्यकारभाराच्या वर्षांवर लिहायचं असेल तर त्याचा उपयोग जवळजवळ नाही. इंदूरकरांना हे शेवटचं वाक्य आवडणार नाही. समोरच्या बागेत बाईंचा पुतळा आहे, शहराच्या मनात त्या राजवाड्यातच बसलेल्या आहेत. तरी कागदपत्रं जे सांगतात ते असं आहे.

वाड्याचं काम अहिल्याबाईंचे सासरे मल्हारराव होळकर पहिले यांनी १७४७ साली सुरू केलं. अहिल्याबाईंचं लग्न १७३३ मधलं, त्यांचे चिरंजीव मालेराव यांचा जन्म १७४५ चा. म्हणजे नववधू अहिल्या या दरवाजातून आत येते, असा प्रसंग कितीही सुंदर उतरला तरी तो घडूच शकत नाही. तेव्हा दरवाजा नव्हता. पुढे २० मे १७६६ रोजी आलमपूरला मल्हारराव गेले, वर्षभरात मालेरावही गेले, आणि बाईंनी कारभार हाती घेऊन राजधानी महेश्वरला नेली. १३ ऑगस्ट १७९५ ला त्यांचं देहावसान झालं तेही महेश्वरी. त्यांच्या न्यायनिवाड्याचा, दानधर्माचा, वकील-कारकुनांच्या ये-जा करण्याचा सारा काळ नर्मदेच्या काठचा आहे. इंदूर होळकरांची राजधानी झाली ती ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर.

दुसरी अडचण वास्तूच्या वयाची. दर्शनी इमारत सात मजल्यांची. खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. या वाड्याने तीन मोठ्या आगी पाहिल्या. पहिली १८०१ ची: जुलैत यशवंतराव होळकरांनी उज्जैनला शिंद्यांच्या फौजेचा पाडाव केला, त्याचा सूड शिंद्यांनी ऑक्टोबरात उगवला, त्यांच्या सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटलं आणि जाळलं, त्यात वाडाही सापडला. मग मल्हारराव दुसरे यांच्या कारकिर्दीत तो पुन्हा उभा राहिला. दुसरी आग १९०८ ची. तिसरी १९८४ च्या दंगलीतली, तिने मागच्या भागाची राख केली. तो भाग २००७ च्या सुमारास जुन्या घाटणीवर नव्याने बांधला गेला. दगड आगीत टिकतो, लाकूड टिकत नाही. म्हणून इथे कोरीव खांब, महिरप किंवा सज्जा दिसला की ‘किती देखणा’ याच्या आधी ‘कोणत्या आगीनंतरचा’ हा प्रश्न विचारायचा. त्याचं उत्तर मिळेपर्यंत तो खांब अठराव्या शतकातल्या प्रसंगात उभा करायचा नाही.

मग जायचं कशाला? कारण कागद ज्या गोष्टी कधीच सांगत नाही त्या इथे अंगाला कळतात. पेशवे दफ्तरातलं पत्र सांगेल की अमुक सरदार भेटीस आला. तो उन्हातून देवडीच्या सावलीत शिरला तेव्हा त्याला पहिल्या काही क्षणांत समोरचा माणूस दिसला का, हे पत्र सांगणार नाही. वाड्याच्या चौकात उभं राहिलं की ते समजतं. वरच्या सज्जातून दरवाजातलं माणूस ओळखू येतं की नुसती पगडी दिसते? चौकातलं बोलणं वर ऐकू जातं का? जिन्यावर दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागतं का? कट, पाळत, चोरून ऐकणं, निरोप पोचवणं या सगळ्या प्रसंगांचा पाया असल्या उत्तरांत असतो. घाटणी जुनी ठेवून बांधलेला नवा भागही या कामाला चालतो, कारण इथे आपण लाकडाचं वय तपासत नसतो. आपल्याला अंतर, उंची आणि अंधार हवा असतो.

त्यासाठी तयारीने जायला हवं. पाच मीटरचा टेप, होकायंत्र (मोबाइलमधलं चालतं), चौकटीची वही आणि दोन रंगांची पेनं. एका रंगाने फक्त डोळ्यांना दिसलेलं लिहायचं, दुसऱ्याने त्या काळी काय असावं याचा अंदाज. दोन्ही एकाच शाईत लिहिलं की महिन्याभराने कुठलं पाहिलेलं आणि कुठलं कल्पिलेलं हे आपलं आपल्यालाच कळत नाही, आणि कादंबरीतल्या बहुतेक चुका तिथे जन्म घेतात. पायऱ्या मोजाव्यात आणि एका पायरीची उंचीही मोजावी. नऊवारी नेसलेली, हातात समई घेतलेली बाई त्या चढून किती वेळात वर जाईल हे मगच लिहिता येतं. दरवाजाची दिशा पाहावी, म्हणजे सकाळचं ऊन कुणाच्या तोंडावर येतं ते कळेल. शक्य असेल तर एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी जावं. दुपारच्या गर्दीत, गाड्यांच्या भोंग्यांत आवाजाचा अंदाज घेता येत नाही.

नुसते फोटो काढून परतणाऱ्यांचं नुकसान ठरलेलं. फोटोत उंची हरवते, आवाज नसतो, आणि मोबाइल अंधाराला उजेड बनवून दाखवतो. आतल्या फलकांचं काम आल्यागेल्याला ओळख करून देण्याचं आहे. त्यावरचं वाक्य किंवा साल थेट हस्तलिखितात घेऊ नये, छापील साधनांशी ताडून मगच घ्यावं.

ती साधनं सुदैवाने चांगली आहेत. होळकर संस्थानाने १९४४–४५ च्या सुमारास आपल्या इतिहासाची मूळ पत्रं छापून घेतली. महेश्वर दरबारातून पुण्याला जाणारी बातमीपत्रं छापलेली आहेत. पेशवे दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे गो. स. सरदेसाई यांनी संपादलेले ४५ खंड आहेत. पहिल्या मसुद्याला मोडी येण्याची गरज नाही. छापील बाळबोध पत्रांवर पुष्कळ काम होतं. मोडी लागते ती ज्या गावाचा, ज्या घराण्याचा कागद अजून छापला गेलेला नाही तिथे. या पत्रांतून दोन गोष्टी घ्याव्यात: घटना, आणि बोलण्याची ठेवण. मल्हाररावांना माणसं ‘सुभेदार’ म्हणतात, अहिल्याबाईंना ‘मातुश्री’. ‘महाराणी’ हे संबोधन आणि ‘इंदूर संस्थान’ ही कल्पना मागाहूनची; १७७० मधल्या कारकुनाच्या तोंडी ती घातली की जाणता वाचक पुस्तक खाली ठेवतो. तोफा, दारूगोळा, कूच यांबद्दल सासऱ्याने सुनेला लिहिलेली पत्रं वाचल्यावर पुतळ्यातल्या शांत, हातात पिंड घेतलेल्या बाईंपेक्षा फार वेगळी, रसदीचा हिशेब डोक्यात ठेवणारी बाई समोर येते. कादंबरीला ही बाई हवी.

पत्रं वाचताना घसरण होते ती तारखांत. मराठी पत्रांत बहुधा सुहूर सन ही जुनी कालगणना असते, तीही अरबी अंकशब्दांत. इसवी सन काढायला त्यात ६०० मिळवायचे की ५९९, यात नवखा माणूस हटकून चुकतो. हे वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होतं. म्हणून जून ते डिसेंबरमधल्या कागदाला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून मृगापर्यंतच्या कागदाला ६००. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर, हजार मिळून ११६१. पानिपत १४ जानेवारीचं, म्हणून ६०० मिळवून १७६१. ‘समान अशर मयातैन व अलफ’ म्हणजे १२१८. होळकर आणि इंग्रज यांच्यातली महिदपूरची लढाई डिसेंबरातली, म्हणून ५९९ मिळवून १८१७. शालिवाहन शकात पाडव्यानंतर ७८ मिळवायचे, जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९. पत्राच्या शेवटी नुसतं ‘छ’ आणि मुसलमानी महिन्याची चंद्रतारीख असेल, वर्ष नसेल, तर ते वर्ष संपादकाने मजकुरावरून ताडलेलं असतं. त्याने कंसात छापलेली तारीख हे अनुमान आहे हे लक्षात ठेवून, त्याच सुमाराच्या दुसऱ्या पत्राशी ताळा करावा. हिजरी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे रात्रीच्या घटनेत एका दिवसाचा फरक पडू शकतो. आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या इंग्रजी कागदांत सप्टेंबर १७५२ पूर्वीची तारीख जुन्या पद्धतीची असते. आपल्या तारखेशी जुळवायला तिच्यात अकरा दिवस मिळवावे लागतात.

एवढा खटाटोप गोष्टीसाठी कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी एक उदाहरण पुरेसं आहे. तुळसाबाई होळकर, बालराजा मल्हारराव दुसरे यांच्या वतीने कारभार पाहणारी बाई. इंग्रजांशी बोलणी करते या संशयावरून तिच्याच लष्करातल्या लोकांनी महिदपूरच्या लढाईच्या आदल्या दिवशी, २० डिसेंबर १८१७ ला, क्षिप्रेच्या काठी तिला मारलं. लिहिणारे बहुतेक जण इथे काळीकुट्ट अमावास्येची रात्र घालतात. पंचांग मांडून पाहिलं तर तो मार्गशीर्षाचा शुक्ल पक्ष निघतो, एकादशी-द्वादशीचा सुमार, पौर्णिमा दोन-तीन दिवसांवर. म्हणजे मध्यरात्री नदीकाठ चांदण्यात न्हालेला, छावणीतला प्रत्येक माणूस दुसऱ्याला ओळखू शकेल असा. चंद्र मावळतो पहाटेच्या आधी, आणि मग उजाडेपर्यंत थोडा वेळ खरा अंधार. आता प्रसंग स्वतःच उभा राहतो. मारेकरी चांदण्यात आले तर सगळ्यांना दिसत होते, मग कुणी आडवं का गेलं नाही? चंद्र मावळायची वाट पाहिली असेल तर ते कुणाला घाबरत होते? एका तिथीने कथेला असा प्रश्न मिळतो. अमावास्या घालून तो हातचा जातो, शिवाय खोटंही पडतं.

याच घटनेत साधन तोलण्याचाही धडा आहे. तुळसाबाईचं जे चित्र सर्वत्र फिरतं, त्याचा मोठा भाग इंग्रज अधिकारी जॉन माल्कम यांनी लिहिलेल्या वर्णनातून आलेला आहे. दुसऱ्या दिवशी रणावर समोरच्या बाजूला ते स्वतः होते आणि पंधरा-सोळा दिवसांनी तह त्यांनीच केला. जिंकणाऱ्याने हरलेल्या दरबारातल्या बाईचं केलेलं वर्णन म्हणूनच ते वाचायला हवं. ते टाकून द्यायचं नाही, त्यातल्या स्वभावदोषांवरच्या विशेषणांना मात्र कात्री लावायची आणि कृतींची नोंद ठेवायची.

मालेरावांची गोष्ट याहून नाजूक. ब्राह्मणांना दान द्यायच्या जोड्यांत आणि कपड्यांत ते विंचू ठेवत, असं माल्कम लिहितात. मालेरावांचं राज्य १७६६–६७ चं. माल्कम माळव्यात कारभारी म्हणून आले १८१८ मध्ये. मधे अर्ध्या शतकाचं अंतर, म्हणजे ही ऐकीव माहिती. मग कादंबरीकाराने काय करावं? निवेदकाच्या तोंडी ‘मालेरावाने जोड्यांत विंचू ठेवले’ असं लिहिलं की ती वस्तुस्थिती होऊन बसते, आणि बावीस वर्षांच्या पोरावर आपण स्वतः आरोप ठेवतो. गाळून टाकली तर लोक त्या मुलाबद्दल काय बोलत होते हा धागाच तुटतो. वाट तिसरी आहे: ती कहाणी कुणाच्या तरी तोंडी घालावी. मुदपाकखान्यातली बाई दुसरीला कुजबुजत सांगते, अहिल्याबाई ते ऐकतात, आणि ऐकलं नाही असं दाखवून पुढे जातात. अफवा अफवाच राहिली, आईचं दुःखही आलं, आणि इतिहासाला धक्का लागला नाही. संशोधन आणि गोष्ट यांचा समतोल म्हणतात तो बहुतेक वेळा इतकाच असतो: कुठली माहिती निवेदकाने सांगायची आणि कुठली पात्राने, हे नीट ठरवणं.

म्हणून लिहायला बसण्याआधी घटनांच्या तीन राशी कराव्यात. पहिल्या राशीत समकालीन कागदाने पक्क्या झालेल्या गोष्टी: मृत्यूची तारीख, तह, लढाईचं ठिकाण. त्यांना हात लावायचा नाही, कथेच्या सोयीसाठी एक महिनाही इकडचा तिकडे करायचा नाही. दुसऱ्या राशीत ऐकीव आणि पक्षपाती गोष्टी; त्या पात्रांच्या तोंडी. तिसऱ्या राशीत कागद गप्प आहेत त्या जागा. कादंबरी राहते या तिसऱ्या राशीत. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात अहिल्याबाईंचे पती खंडेराव पडले हे पक्कं. तो निरोप बाईंना कुणी, कसा दिला, त्या वेळी त्या काय करत होत्या, ही जागा लेखकाची. इथे धीटपणे लिहावं. माझ्या मते आपल्याकडच्या ऐतिहासिक कादंबऱ्या नेमकं उलट करतात; पक्क्या तारखांशी मोकळेपणा घेतात आणि मोकळ्या जागेत भाषणं टाकून पळ काढतात.

मोकळ्या जागेलाही काळाची कुंपणं असतात. निरोप किती दिवसांत पोचेल हे ठरवताना पानिपतचं उदाहरण हाताशी ठेवावं: १४ जानेवारीची बातमी नानासाहेब पेशव्यांना भेलसा मुक्कामी २४ तारखेला कळली, तीही सावकाराच्या कासिदाच्या पत्रावरून. दहा दिवस, म्हणजे रोजची वीस-पंचवीस कोसांची धाव. याहून जलद जासूद दौडवायचा तर तसं ठोस कारण हवं. पालखी आणि सामानसुमान घेऊन चालणाऱ्या लवाजम्याची चाल पाच-सात कोसांची धरावी. इंदूर ते महेश्वर आजच्या रस्त्याने नव्वद किलोमीटरच्या आसपास, म्हणजे अठ्ठावीस-तीस कोस, त्यात माळव्याच्या पठारावरून विंध्य उतरून नर्मदेच्या खोऱ्यात जाणारा घाट. चार-पाच मुक्काम सहज होतात. पात्रं सकाळी निघून संध्याकाळी पोचली की वाचक अडखळतो. घाटमाथ्यावरचा जाम दरवाजा १७९१ चा. त्याआधीच्या प्रवासात तो दाखवू नये.

वस्तूंच्या चुका तर ढीगभर होतात. काडेपेटी युरोपातच १८२७ नंतर आली. अहिल्याबाईंच्या काळी दिवा लागतो तो चकमकीने किंवा आधीच्या निखाऱ्यावरून, आणि म्हणून वाड्यात एखादी आग सतत राखलेली असते. अंधार झटकन जात नाही, हे प्रसंग लिहिताना फार उपयोगी पडतं. रॉकेलचा कंदील त्याहून अलीकडचा. आधी समई, पलिते, मशाली, हिलाल. चहा नको, टोमॅटो नको, एकादशीला साबुदाण्याची खिचडी तर मुळीच नको. मिनिट-सेकंदांऐवजी घटका (२४ मिनिटं) आणि प्रहर (३ तास) धरून वेळ मोजावी. बाईंच्या काळच्या महेश्वर टाकसाळीच्या नाण्यांवर शिवलिंग आणि बेलपत्र आहे. एखाद्याच्या मुठीतून नाणं खाली पडलं तर ते कुठलं हे ओळखायला एवढं पुरे. होळकरांची फौज म्हटलं की नुसते भालाईत घोडेस्वार डोळ्यांपुढे येतात, पण १७९० नंतर तुकोजी होळकरांच्या लष्करात फ्रेंच द्युद्रनेकने कवायत दिलेल्या पलटणीही होत्या. १७९३ ची लाखेरीची लढाई लिहिताना त्या विसरल्या तर लढाईच समजत नाही.

आता इतकं जमवलेलं सगळं पानावर ओतायचा मोह होतो. त्याने गोष्ट मरते. हे वाक्य पाहा: ‘मल्हाररावांनी १७४७ साली बांधायला घेतलेल्या, तीन दगडी आणि चार लाकडी मजल्यांच्या त्या भव्य वाड्यात तोड्याच्या बंदुका घेऊन उभ्या असलेल्या पहारेकऱ्यांसमोरून कारकून चालला होता.’ चूक एकही नाही, आणि जिवंतही काही नाही. आता हे: ‘कारकून दिंडीतून वाकून आत आला. पहारेकऱ्याच्या बंदुकीचा तोडा पेटलेला होता. भरदिवसा. त्याचा जळका वास नाकात गेला आणि कुणी काही सांगायच्या आधीच त्याला कळलं की रात्रीत काहीतरी घडलंय.’ तोड्याची बंदूक कशी चालते हे माहीत असलेल्यालाच हे सुचतं. तोडा जळत राहिला की संपतो, म्हणून तो कारणाशिवाय कुणी पेटता ठेवत नाही. संशोधन इथे आहे, पण ते पात्राच्या भीतीत विरघळलंय. तपशील ठेवायचा की काढायचा याची माझी कसोटी एकच: तो तपशील त्या पात्राला त्या क्षणी काही कळवतो का, किंवा त्याला काही करायला लावतो का. नसेल तर तो वहीतच राहू द्यावा, मग तो मिळवायला कितीही दिवस लागलेले असोत.

राजवाड्याच्या आसपासच्या ठिकाणांबद्दल थोडक्यात. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या चालत जाण्याइतक्या जवळ आहेत, पण त्या कृष्णाबाई, तुकोजीराव दुसरे आणि शिवाजीराव यांच्या. म्हणजे एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध आणि विसाव्याची सुरुवात. नदीकाठच्या दगडी कोरीवकामाचा सरधोपट ‘पेशवाई’ देखावा म्हणून वापर टाळावा. लालबाग महाल १८८६ ते १९२१ या काळात उभा राहिलेला, युरोपीय थाटाचा; तुकोजीराव तिसऱ्यांच्या काळावर लिहिणाऱ्याला तो अतिशय कामाचा, इतरांनी वेळ घालवू नये. माणिकबागेची कथा निराळीच आहे. यशवंतराव दुसऱ्यांनी एकार्ट मुथेझियस या जर्मन वास्तुकाराकडून १९३० च्या दशकाच्या आरंभी बांधून घेतलेलं ते घर त्या काळी युरोपातही नवं वाटलं असतं. तिथे आता सरकारी कचेरी आहे, त्यामुळे आतला भाग छापील छायाचित्रांवरूनच अभ्यासावा लागतो. संस्थानी काळाच्या अखेरीवर मराठीत कुणी मनापासून लिहायला घेतलं, तर या घराइतकं समृद्ध स्थळ इंदुरात दुसरं नाही.

महेश्वर मात्र टाळून चालणार नाही. गढीवरचा होळकरांचा वाडा राजवाड्याच्या मानाने अगदी साधा, आणि तो साधेपणाच बाईंच्या स्वभावाबद्दल बरंच सांगून जातो. इथेही एक सावधगिरी: घाटावरचं अहिल्येश्वराचं देखणं मंदिर आणि छत्री बाईंच्या पश्चात, त्यांच्या स्मरणार्थ उभी राहिलेली आहेत. बाई रोज पहाटे त्या पायऱ्या उतरून अहिल्येश्वराला नमस्कार करतात, असं लिहून चालणार नाही. नर्मदेचं पात्र, पाण्यावरून येणारा आवाज, पावसाळ्यात बुडणाऱ्या पायऱ्या, हातमागाची खटखट हे मोकळेपणाने घ्यावं.

कामाचा क्रम असा ठेवावा: आधी छापील पत्रं, मग आपल्या कथेच्या वर्षांची सनावळी, मग पंचांग, आणि त्यानंतर राजवाडा. उलट केलं तर वाड्याची भव्यता डोळ्यांत बसते आणि पुढे कागद वाचताना आपण तिच्या बाजूचेच पुरावे शोधत राहतो. पुस्तकाच्या शेवटी दीड-दोन पानांची टीप द्यावी: कोणती पात्रं काल्पनिक, कुठल्या घटनेला समकालीन आधार नाही, कुठे दोन साधनांपैकी एक निवडलं आणि का. आपल्याकडे कादंबरीतले प्रसंग शाळेच्या भाषणांत आणि मिरवणुकीच्या चित्ररथांवर इतिहास म्हणून जातात, त्यामुळे ही टीप वाचकाचा हक्क आहे.

हाताशी एकच दिवस असेल आणि विषय १७६७ ते १७९५ मधला असेल, तर इंदुरात न थांबता थेट महेश्वर गाठावं. विषय मल्हारराव दुसरे, त्यांचे कारभारी तात्या जोग किंवा १८१८ नंतरचा दरबार असेल, तर तो दिवस संपूर्ण राजवाड्याला द्यावा: सकाळी चौक आणि दरवाजा, दुपारी बाहेर बसून नोंदी पक्क्या करणं, आणि संध्याकाळी उजेड उतरताना पुन्हा आत एक फेरी.